चेहरा ओळखणारे यंत्र आणि बक्कल नंबर

आपल्याकडे पोलीस शिपायाशी कोणाची बाचाबाची झाली, की जवळचा एखादा जाणता माणूस हळूच सांगतो, "वाद घालू नका, बक्कल नंबर तेवढा टिपून ठेवा." हा सल्ला साधा दिसतो, पण त्यात लोकशाही राज्यव्यवस्थेचे एक मोठे तत्त्व आहे. गणवेश अंगावर चढला, की माणूस राज्याचा हात होतो. सामान्य नागरिकाला नसलेले अधिकार त्या हातास मिळतात. तो वाट अडवू शकतो, पकडू शकतो, प्रसंगी लाठी चालवू शकतो. परंतु त्या हाताने चूक केली, तर जाब द्यावयाचा असतो तो नावागावाच्या एका विशिष्ट माणसाने. गणवेशामुळे सर्व शिपाई सारखे दिसतात. नंबरामुळे ते पुन्हा वेगळे होतात. १८२९ मध्ये सर रॉबर्ट पील यांनी लंडनमध्ये नवे पोलीस दल उभारले, तेव्हा प्रत्येक शिपायाच्या कॉलरवर त्याच्या विभागाचे अक्षर आणि त्याचा क्रमांक होता. नव्या दलाकडे संशयाने पाहणाऱ्या लंडनकरास त्यामुळे निदान एवढे सांगता येई, की तक्रार आहे ती अमक्या शिपायाविरुद्ध.

हा नंबर झाकला गेला तर काय होते? आणि तो झाकला गेल्यावर नागरिकांनी पोलिसांच्याच हातचे यंत्र उचलून पोलिसांचे चेहरे ओळखावयाचे ठरविले, तर त्यातून काय निष्पन्न होते? हा प्रश्न काल्पनिक नाही. २०१९ पासून हाँगकाँग, पोर्टलंड, फ्रान्स आणि लॉस एंजेलिस येथे तो प्रत्यक्ष उभा राहिला आहे. त्या चार ठिकाणी काय घडले ते पाहून त्यातून आपण कोणता बोध घ्यावा, हे आम्ही येथे मांडणार आहोत. तत्पूर्वी हे यंत्र चेहरा ओळखते म्हणजे नेमके काय करते, हे समजून घेतले पाहिजे. कारण पुढील सर्व वाद त्या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

यंत्र काय करते?

या विद्येचा आरंभ १९६० नंतरच्या दशकातला. अमेरिकेतील वुडी ब्लेडसो या गणितज्ञाने १९६४ च्या सुमारास असे प्रयोग केले. त्यात माणूसच छायाचित्रावरील डोळ्यांचे कोपरे, ओठांच्या कडा, केसांची रेषा अशा जागा दाखवीत असे. त्यांवरून वीस अंतरे काढून संगणक ती ताडून पाही. एका तासात जेमतेम चाळीस छायाचित्रे हातावेगळी होत. आज माणसाने खुणा दाखविण्याची गरज उरलेली नाही. लक्षावधी छायाचित्रे पाहून यंत्र स्वतःच शिकते, आणि प्रत्येक चेहऱ्याचे रूपांतर आकड्यांच्या एका माळेत करते. २०१५ मध्ये गूगलच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत ही माळ १२८ आकड्यांची होती. एकाच माणसाच्या दोन छायाचित्रांच्या माळा एकमेकींच्या जवळ याव्यात, दोन निराळ्या माणसांच्या दूर जाव्यात, एवढेच त्या यंत्रास शिकविलेले असते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. यंत्र "हा अमुक मनुष्य" असे कधीच सांगत नाही. "तुम्ही दिलेल्या संग्रहात या चेहऱ्याच्या सर्वांत जवळचे चेहरे हे," एवढेच ते सांगते. किती जवळ आले म्हणजे ओळख पटली असे मानावयाचे, ती रेषा माणूस आखतो. रेषा सैल ठेवली तर भलतेच लोक आत येतात; आवळली तर खरा मनुष्यही बाहेर राहतो. आणि ज्याचा शोध चालू आहे तो त्या संग्रहातच नसेल, तर यंत्र त्याच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्याच कोणाला तरी पुढे करण्याचा धोका असतो.

चार ठिकाणचे अनुभव

हाँगकाँगमध्ये २०१९ च्या जूनमध्ये प्रचंड निदर्शने झाली. तेथील विशेष दलाच्या शिपायांच्या अंगावर ओळखक्रमांक दिसेनात, तेव्हा विधिमंडळात प्रश्न विचारला गेला. गणवेशावर क्रमांकास जागा नाही, असे उत्तर सुरक्षा सचिवांनी दिले. एका तरुणाने मग पोलिसांची उपलब्ध छायाचित्रे जमवून चेहरे ताडून पाहणारे साधन तयार केले. ते त्याने लोकांस खुले केले नाही. तरी त्यास पुढे अटक झाली. अटकेच्या वेळी पोलिसांनी आपल्याच चेहऱ्यासमोर धरून आपला मोबाइल उघडण्याचा प्रयत्न केला, असे त्याने पत्रकारांस सांगितले. त्याच वर्षी ५ ऑक्टोबरपासून १९२२ च्या एका जुन्या आणीबाणी कायद्याच्या आधारे निदर्शकांना तोंड झाकण्यास बंदी झाली. म्हणजे नागरिकाने चेहरा उघडा ठेवावा अशी कायद्याची आज्ञा, आणि शिपायाच्या अंगावर साधा क्रमांकही दिसू नये, अशी उलटी स्थिती तेथे उत्पन्न झाली.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील पोर्टलंड शहराचे. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय गृहस्थाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाला आणि देशभर निदर्शने उसळली. पोर्टलंडमध्ये ती महिनोन्‌महिने चालली. काही अधिकाऱ्यांची खाजगी माहिती प्रसिद्ध झाल्यामुळे तेथील पोलिसांना नावाच्या पट्ट्या झाकून त्याऐवजी क्रमांक लावण्याची मुभा देण्यात आली. दिवसाढवळ्या अश्रुधुराचा मारा सोसलेल्या एका नागरिकाने, स्वतःच शिकलेल्या विद्येच्या बळावर आणि कोणासही फुकट मिळणाऱ्या साधनांनी, पोलिसांचे चेहरे ओळखणारा संगणक कार्यक्रम रचला. वृत्तपत्रांतील आणि समाजमाध्यमांतील हजारो छायाचित्रे त्याने त्यासाठी जमविली. तरीही शहरातील सुमारे वीस टक्केच पोलीस त्यास ओळखता येत, असे त्याने स्वतःच सांगितले.

मौज अशी, की त्याच सप्टेंबरमध्ये पोर्टलंडच्या नगरपरिषदेपुढे चेहरे ओळखण्याच्या यंत्रांवर कडक बंदी घालणारे ठराव आले होते. या गृहस्थाने सभेत विचारले, की ही बंदी मलाही लागू होणार काय? व्यक्तीस ती लागू नाही, असे शहराच्या वकिलांनी स्पष्ट केले. शहराची खाती आणि दुकाने, हॉटेले अशी सार्वजनिक वावराची खाजगी ठिकाणे एवढ्यांपुरती ती बंदी एकमताने मंजूर झाली. जे यंत्र वापरण्यास नगरपालिकेच्या पोलिसांना मनाई झाली, ते पोलिसांवर रोखण्यास नागरिक मोकळा राहिला.

तिसरे उदाहरण फ्रान्समधील. पावलो चिरिओ या इटालियन कलावंताने निदर्शनांची सुमारे एक हजार छायाचित्रे घेऊन त्यांतून यंत्राच्या साहाय्याने चार हजार पोलिसांचे चेहरे वेगळे काढले, आणि लोकांनी त्यांची नावे सांगावीत असे आवाहन २०२० च्या ऑक्टोबरमध्ये केले. चेहरे ओळखण्याच्या यंत्रावर युरोपभर बंदी यावी, ही त्याची मूळ मागणी होती. हे शस्त्र उलटले म्हणजे कसे वाटते, हे त्यास सत्ताधाऱ्यांना दाखवावयाचे होते. गृहमंत्री जेराल्द दार्मानँ यांनी तत्काळ निषेध केला. तुर्क्वाँ येथील कलासंस्थेने प्रदर्शनातून ती कृती काढून घेतली आणि नावे जमविण्याचे संकेतस्थळही बंद झाले. पुढे पोलिसांची ओळख हानीच्या हेतूने उघड करण्यास शिक्षा सांगणारे एक कलम फ्रेंच संसदेने मंजूर केले. परंतु ते पुरेसे स्पष्ट नाही म्हणून तेथील घटना परिषदेने २० मे २०२१ रोजी रद्द ठरविले.

चौथे शहर लॉस एंजेलिस. येथे यंत्राच्या आधी नोंदवही आली. माहिती मागण्याच्या कायद्याखाली एका पत्रकाराने मागणी केली, आणि शहरानेच ९,३०० हून अधिक अधिकाऱ्यांची नावे, क्रमांक व छायाचित्रे दिली. २०२३ च्या मार्चमध्ये एका नागरिक संघटनेने ती संकेतस्थळावर मांडली. गुप्त कामगिरीवरील लोकांचीही छायाचित्रे त्यात गेली, असा गवगवा झाला. दिलेली माहिती परत मिळावी म्हणून शहराने पत्रकारावर व संघटनेवर दावा लावला. २०२४ मध्ये तो मिटला आणि प्रतिपक्षाच्या वकिलांच्या खर्चापोटी शहरास तीन लक्ष डॉलर द्यावे लागले. २०२५ च्या जूनमध्ये स्थलांतरितांच्या धरपकडीविरुद्ध त्या शहरात निदर्शने पेटली, तेव्हा एका कलावंताने याच संग्रहावर यंत्र बसविले. नागरिकाने शिपायाचे छायाचित्र घालावे, यंत्राने जुळणारे चेहरे दाखवावेत. आणि हे सर्व ताडण्याचे काम नागरिकाच्याच उपकरणावर होत असल्याने छायाचित्र अन्यत्र जाऊ नये, अशी योजना त्याने केली.

चूक झाली तर कोणाची?

या प्रयोगांविषयी सहानुभूती वाटणे स्वाभाविक आहे. ज्याच्या डोक्यात काठी बसली, त्यास "कोणी मारले?" असा प्रश्न विचारला जातो. "पोलिसाने" हे उत्तर चालत नाही, आणि "कोणत्या?" याचे उत्तर त्याच्याजवळ नसते. तक्रार तेथेच मरते. ज्याने नाव झाकले त्यानेच ती मारलेली असते. अशा माणसास यंत्राने नाव मिळवून दिले, तर त्यास दोष कसा द्यावा?

परंतु आता लॉस एंजेलिसचा संग्रह डोळ्यांसमोर ठेवून थोडे गणित करू. समजा, दोन निराळ्या माणसांची जोडी ताडून पाहताना यंत्र हजारात एकदाच फसते. ऐकावयास हे उत्तम वाटते. पण एक छायाचित्र ९,००० चेहऱ्यांशी ताडले, म्हणजे ९,००० वेळा फसण्याची संधी आली. सरासरीने नऊ निरपराध अधिकारी "जुळले" म्हणून पुढे येतील. संग्रह जितका मोठा, तितकी ही संख्या वाढते. पोर्टलंडमध्ये अडचण उलट होती. तेथे पाचांपैकी चार पोलीस संग्रहातच नव्हते. म्हणजे पुष्कळदा खरा मनुष्य यंत्राच्या उत्तरात असणेच शक्य नव्हते. त्यात रस्त्यावरचे छायाचित्र म्हणजे रात्रीचा उजेड, शिरस्त्राणाची काच, धूर आणि धावपळ.

यंत्राच्या चुका सर्वांच्या वाट्यास सारख्या येत नाहीत, हेही सिद्ध झाले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१९ च्या डिसेंबरमध्ये १८९ गणनविधींच्या परीक्षेचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात अनेक विधी आफ्रिकी व आशियाई वंशाच्या चेहऱ्यांची खोटी जुळणी, गौरवर्णीयांच्या मानाने, दहा ते शंभर पट अधिक करीत असल्याचे आढळले. डेट्रॉइट शहरात २०२० च्या जानेवारीत अशाच खोट्या जुळणीवरून एका कृष्णवर्णीय गृहस्थास त्याच्या बायकामुलींदेखत बेड्या पडल्या होत्या. ती चूक पोलिसांनी नागरिकाबाबत केली. तेच यंत्र नागरिकाच्या हाती आल्याने अधिक डोळस होत नाही. उद्या एखाद्या शिपायाचे नाव चुकीने चव्हाट्यावर आले, तर तो त्या दिवशी रजेवर होता हे सिद्ध होईपर्यंत त्याच्या दारावर दगड पडलेले असतील, आणि शाळेत त्याच्या मुलास उत्तर द्यावे लागलेले असेल. शिवाय खरा गुन्हेगार निसटलेला असेल तो वेगळाच.

यावर कोणी म्हणेल, की पोलिसांनी हे यंत्र नागरिकांवर बेधडक चालवावे आणि नागरिकांनी मात्र सोवळे पाळावे, हा कोठला न्याय? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडेच दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहितीच्या अधिकाराखाली दिलेल्या उत्तरात, ऐंशी टक्क्यांच्या वर साम्य आले की ती जुळणी आम्ही ग्राह्य धरतो, असे सांगितले होते. २०२० च्या दंगलीनंतर अकराशेहून अधिक लोक अशा यंत्राच्या साहाय्याने ओळखले गेल्याचे गृहमंत्र्यांनी त्याच वर्षी ११ मार्च रोजी लोकसभेत सांगितले. आमचे म्हणणे असे, की माप एकच असावे. ऐंशी टक्के साम्यावर शिपायाचे नाव जाहीर करणे अन्यायाचे असेल, तर तेवढ्याच साम्यावर नागरिकाच्या दारी जाऊन त्यास आरोपी ठरविणेही अन्यायाचेच आहे. शिपाई स्वतःसाठी जी सावधगिरी मागतो, तीच त्याने दुसऱ्यास दिली पाहिजे. आणि नागरिकानेही जी स्वतःसाठी मागितली ती शिपायास नाकारू नये. फरक आहे तो एकच. कामावर असताना निनावी राहण्याचा हक्क शिपायास नाही, आणि वाटेने जाणाऱ्या नागरिकास तो आहे.

जाब कशाने मिळतो?

चारही ठिकाणी लोक यंत्राकडे वळले, त्यामागे कोठे क्रमांक दिसत नव्हता, कोठे नाव झाकले होते, कोठे तक्रारीवर विश्वास उरला नव्हता. रोग तेथे आहे, आणि औषधही तेथेच करावे लागते. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१४ पासून प्रत्येक पोलिसाने सात आकडी ओळखक्रमांक लावण्याचा नियम आहे. तो पाळला जात नाही आणि लावला तरी वाचता येत नाही, अशी नागरिकांची तक्रार होती. ११ ऑक्टोबर २०२३ रोजी तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सरकारला बजावले, की हा नियम बारा महिन्यांच्या आत प्रत्यक्षात पाळला जाईल अशी व्यवस्था करा, आणि क्रमांक गर्दीतही वाचता येईल इतका मोठा करा. चार हजार चेहऱ्यांच्या प्रदर्शनाने जे साधले नाही, ते या आदेशाने साधण्याचा मार्ग खुला झाला. शिपायाचे घर, मुले, पत्ता यांपैकी काहीही यात उघडे पडत नाही. तरी जबाबदार कोण, हे कळते. अमेरिकेत २०२५ मध्ये केंद्राचे अधिकारी तोंडे झाकून धरपकड करू लागले, तेव्हा कॅलिफोर्निया राज्याने सप्टेंबरमध्ये अशा मुखवट्यांना मनाई करणारा कायदा केला. केंद्र सरकारने त्यास न्यायालयात आव्हान दिले. वाद कोर्टात गेला असला तरी प्रश्न तोच आहे.

आपल्या देशात हे तत्त्व नवे नाही. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी अकरा नियम घालून दिले. त्यांतला पहिलाच असा, की अटक किंवा चौकशी करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर त्याचे नाव व हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे. पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेत तसे कलम आले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३६ व्या कलमातही ते आहे. परंतु हे कलम अटकेपुरते बोलते. मोर्चा पांगविताना ज्याच्या पाठीवर काठी बसते, त्यास कोणी अटक करीत नसते. तेथे शिरस्त्राणावर व पाठीवर दहा पावलांवरून वाचता येईल असा क्रमांक असावा, आणि त्या दिवशी तो कोणाकडे होता याची नोंदवही असावी, एवढी मागणी आमच्या मते पुरेशी आहे. तिला यंत्र लागत नाही. रंगाचा डबा पुरतो.

क्रमांक मिळाल्यावर तो कोठे न्यावयाचा, हा यापुढचा प्रश्न. २००६ मध्ये प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक राज्यात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण असावे असा आदेश दिला. अशा जागी नागरिकाने आपले छायाचित्र, वेळ, ठिकाण आणि असल्यास यंत्राने सुचविलेले नावही द्यावे. तेथे ते नाव एक धागा म्हणून यावे. त्या दिवशीचे कर्तव्यपत्रक, साक्षीदार आणि इतर चित्रफिती यांच्याशी ते पडताळले जावे. आणि मग निकाल नावानिशी जाहीर व्हावा. यंत्राचा खरा उपयोग एवढाच, आणि तोही थोडका नव्हे. खात्याने "असा कोणी शिपाई आमच्याकडे नाही" म्हणून हात झटकले, तर निदान तो धागा पुढे करता येतो. मात्र तो धागा चौकशीच्या हाती देण्याऐवजी चौकात भिरकावला, तर जाब विचारण्याचे काम गर्दीकडे जाते. आणि गर्दीस जाब विचारणारा कोणी नसतो.

लंडनच्या त्या जुन्या शिपायाच्या कॉलरवरचा आकडा वाचण्यास अक्षरओळख पुरत असे. आज १२८ आकड्यांची माळ गुंफून शिपायास ओळखण्याची वेळ नागरिकावर यावी, यात यंत्राची प्रगती दिसते खरी. पण राज्याने साध्या आकड्याची जबाबदारी टाकून दिली, हेही त्यातच दिसते. म्हणून आमच्याकडचा तो जाणता माणूस हळूच जो सल्ला देतो, तोच आम्ही मोठ्याने देऊ. बक्कल नंबर टिपून ठेवा. आणि तो दिसत नसेल, तर प्रथम तो दिसावा यासाठी भांडा.